लोणारचे खारे तळे

लोणार हे गाव आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. आपल्यापैकी कित्येकजण तिथे जाऊन आले असतील. गावाला लागून जमीन एकदम खाली उतरते. काठावर उभे राहिले की वाटते, कुणी भलीमोठी परात जमिनीत रुतवून ठेवली आहे. या काठापासून त्या काठापर्यंत पावणेदोन किलोमीटरहून जास्त अंतर. तळाशी हिरवे पाणी.

ही परात केली कुणी? जुनी माणसे लवणासुराची गोष्ट सांगतात. हा राक्षस इथे जमिनीखाली राहात होता, त्याला विष्णूने मारले. गावातले दैत्यसूदनाचे देऊळ त्याच विष्णूचे. लवण म्हणजे मीठ. गोष्ट रचणाऱ्याने पाणी चाखून पाहिले असणार!

शास्त्रज्ञांना आधी हा ज्वालामुखी वाटला. मग १९७० नंतर त्यांनी तळाला भोके पाडून दगड वर काढला. त्यात वितळून काच झालेला दगड निघाला. आकाशातून मोठी उल्का येऊन आदळली, तिने काळा पाषाण फोडला, असे ठरले. याला पन्नास हजार वर्षे झाली असे मानत. पुढे नव्या तपासणीत हा आकडा पाच लाखांच्या वर गेला.

आता खारेपणाचे पाहू. काठावरून गोड्या पाण्याची धार बारमाही वाहते. पावसाचेही पाणी आत येते. येताना दगडमातीतला क्षार घेऊन येते. पण तळ्यातून बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी तेवढे उडवते, क्षार मागेच राहतो. मिठाचे पाणी उन्हात ठेवा, भांड्याला पांढरे धरते ना? तसेच हे. हा खार लोक पूर्वी गोळा करीत. काच व साबण यांना लागणारा माल इथे मिळतो, अशी नोंद अकबर बादशहाच्या काळातल्या 'ऐने अकबरी'त आहे.

२०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले. लोक घाबरले. कुणी म्हणाले, विष आहे; कुणी म्हणाले, कोप आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाणी तपासले. उन्हाने पाणी आटले, खार वाढला, आणि खारात राहणारे गुलाबी रंगाचे सूक्ष्म जीव माजले, एवढेच. पण गावाचे सांडपाणी तळ्यात गेले तर उलटे होते. खार पातळ होतो आणि हे जीव टिकत नाहीत. भीती बाळगायची तर तिची बाळगावी. गुलाबी पाणी मात्र स्थिर ठेवल्यावर जीव तळाशी बसले, आणि वरचे पाणी नितळ झाले.