छोटी गॅसटाकी घेताना

बाळापूरच्या किल्ल्याखाली, मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावर गळ टाकून बसायचे, तर चहा-भाकरीपुरती ५ किलोची टाकी पुरते.

● कोणती? इंडेनची ‘छोटू’. या टाक्या ओळखपत्र दाखवून मिळतात, पत्त्याचा पुरावा लागत नाही. गॅस एजन्सी आणि काही पेट्रोलपंपांवर चौकशी करावी. दर बाजारभावाचा, सबसिडी नाही.

● आत काय? प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळते, ब्यूटेन शून्याच्या जरासे खाली. म्हणून कॅनडात गोठलेल्या तळ्यावर मासे धरणारे निव्वळ प्रोपेन नेतात. तिथे ब्यूटेनचा वायूच होत नाही. वऱ्हाडातल्या थंडीत आपली नेहमीची टाकी बिनधास्त पेटते.

● वजन : ५ किलो फक्त गॅसचे. रिकाम्या टाकीचे वजन टाकीवरच लिहिलेले असते. ते त्यात मिळवावे.

● तारीख : टाकीवर ‘बी २७’ असेल, तर २०२७च्या एप्रिल ते जूनमध्ये तिची चाचणी करायची असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. मुदत उलटलेली टाकी घेऊ नये.

● हे टाळा : मोठ्या टाकीतून छोटीत गॅस भरणे बेकायदा आणि जिवावर बेतणारे. हा वायू हवेपेक्षा जड; गळला की खाली साचतो. तंबूत शेगडी पेटवू नये, टाकी उभीच ठेवावी. रेल्वेने ती नेता येत नाही.