घरगुती यंत्रमानवाच्या हाताची सुधारणा : पकड, भार व सुरक्षितता

प्रस्तावना :
गोव्याच्या फोंडा तालुक्यातील बेतोडा येथील रोजंदारी कामगार बिपिन कदम यांनी आपल्या दिव्यांग मुलीला जेवण भरविण्यासाठी घरीच तयार केलेला 'माँ रोबोट' २०२२ मध्ये चर्चेचा विषय ठरला. तंत्रशिक्षण नसताना सुमारे चार महिने अभ्यास करून त्यांनी बनविलेले हे यंत्र आवाजी सूचनेनुसार घास भरविते. गोवा राज्य नवोपक्रम परिषदेने त्याच्या पुढील विकासासाठी अर्थसाहाय्य दिले. अशाच घरगुती हाताने चमच्याऐवजी पेला किंवा औषधाची बाटली उचलावयाची झाल्यास कोणत्या सुधारणा आवश्यक ठरतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पकड :
वस्तू निसटू लागली की मोठी मोटर बसविण्याचा विचार प्रथम सुचतो. तो बहुधा चुकीचा असतो. पाण्याने भरलेल्या स्टीलच्या पेल्याचे वजन ३०० ग्रॅम मानू. दोन बोटांच्या पकडीत हे वजन दोन्ही बाजूंचे घर्षण तोलते. म्हणून प्रत्येक बोटाचा आवश्यक दाब म्हणजे वजन भागिले घर्षणगुणांकाची दुप्पट. गुळगुळीत प्लास्टिकच्या बोटांसाठी घर्षणगुणांक ०.२५ धरल्यास हा दाब ६०० ग्रॅम भाराइतका येतो. हिंगोलीतील कोणत्याही सायकल दुरुस्तीच्या दुकानात मिळणाऱ्या जुन्या ट्यूबचे रबर बोटांना चिकटवून गुणांक ०.७५ झाला असे धरल्यास तो २०० ग्रॅमवर उतरतो. पेला ओला असल्यास मात्र हा लाभ घटतो, आणि स्वयंपाकघरात पेला ओलाच असतो.

भार :
हाच पेला खांद्याच्या सांध्यापासून आडव्या रेषेत २५ सेंमी अंतरावर धरल्यास सांध्यावर ७.५ किग्रॅ-सेंमी परिबल पडते. हाताचे स्वतःचे वजन वेगळेच. छोट्या प्लास्टिकच्या सर्व्हो मोटरची क्षमता सुमारे १.८ किग्रॅ-सेंमी असते. तराजूच्या दुसऱ्या पारड्याप्रमाणे सांध्याच्या मागील बाजूस प्रतिभार जोडल्यास मोटरवरील ताण कमी होतो.

सुरक्षितता :
मोटरला नियंत्रक बोर्डावरूनच वीज दिल्यास, ती अडताच व्होल्टता घसरते, बोर्ड पुन्हा सुरू होतो आणि हात एकदम आरंभस्थितीकडे झेपावतो. वीज जाऊन परत आल्यावरही हेच घडते. कारण हात कोठे थांबला होता, हे साधी सर्व्हो मोटर बोर्डाला कळवू शकत नाही. अशा वेळी चमचा मुलाच्या तोंडाजवळ असेल, तर इजा होऊ शकते. यास्तव मोटरसाठी स्वतंत्र वीजपुरवठा द्यावा; तसेच घरातील व्यक्तीने हात बाजूला घेऊन बटण दाबल्याशिवाय बोर्डाने मोटरला कोणताही संकेत पाठवू नये.