‘हे कुणाकडून ऐकलंत?’ : हदीस आपल्यापर्यंत कशी पोहोचली

शबे-बरात आली, रमजान जवळ आला की आपल्या मोबाईलवर मेसेजचा पाऊस सुरू होतो. अमुक रात्री अमुक इतक्या रकात पढा, इतका सवाब मिळेल, हा मेसेज दहा जणांना पाठवा. खाली हवाला नसतो. असलाच तर नुसता ‘हदीस’ एवढा शब्द. दुसरीकडे कॉलेजात शिकणारी आपली मुलं-मुली वेगळाच प्रश्न घेऊन घरी येतात : हदीस तर प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यानंतर दोन-अडीचशे वर्षांनी लिहिली गेली म्हणतात, मग तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा?

एकजण जे येईल ते मानतो, दुसरा सगळ्यावरच शंका घेतो. हदीस कशी तपासली गेली, कशी जपली गेली, याची माहिती दोघांनाही मिळालेली नसते. आपल्या घरात हा विषय क्वचितच निघतो. म्हणून या लेखात तो शक्य तितक्या सोप्या भाषेत मांडत आहोत.

सुरुवात सहाबांपासून

जो जाणूनबुजून माझ्या नावावर खोटं रचेल, त्याने आपलं ठिकाण जहन्नममध्ये समजावं, अशी ताकीद स्वतः प्रेषितांनी (स.) दिली होती. ही हदीस इतक्या सहाबांनी सांगितली आहे की तिच्याबद्दल उलेमांमध्ये मतभेद नाही. त्यामुळे सहाबा हदीस सांगताना घाबरत, आणि दुसऱ्याने सांगितली तर विचारपूस करत.

ह. अबू बकर (रजि.) खलीफा असताना एक आजी नातवाच्या वारशात आपला हिस्सा मागायला आली. ह. मुगीरा बिन शोबा (रजि.) म्हणाले की प्रेषितांनी (स.) आजीला सहावा हिस्सा दिलेला मी पाहिला आहे. खलीफांनी विचारलं, तुमच्याबरोबर आणखी कुणी होतं का? ह. मुहम्मद बिन मसलमा (रजि.) यांनी साक्ष दिली, तेव्हाच निकाल झाला.

ह. उमर (रजि.) यांच्या दारावर ह. अबू मूसा अशअरी (रजि.) आले. तीनदा परवानगी मागितली, उत्तर आलं नाही, म्हणून परत फिरले. कारण विचारल्यावर त्यांनी सांगितलं की तीनदा विचारून उत्तर न मिळाल्यास परत जावं, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. ह. उमर म्हणाले, साक्षीदार आणा. शेवटी ह. अबू सईद खुदरी (रजि.) यांनी साक्ष दिली. अबू मूसा खोटं बोलतील अशी शंका ह. उमर यांना नव्हती. पण प्रेषितांच्या नावाने कुणीही काहीही सांगत सुटू नये, हा धडा सर्वांना मिळावा असं त्यांना वाटत होतं.

उम्मुल मोमिनीन ह. आयशा (रजि.) यांची पद्धत तर आजच्या शिक्षकांनाही आवडेल. त्यांनी आपले भाचे उरवा यांना ह. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्याकडे पाठवलं. त्यांनी एक हदीस सांगितली : उलेमांच्या जाण्याने इल्म उठवलं जाईल. साधारण वर्षभराने ह. आयशांनी उरवांना पुन्हा पाठवलं आणि तीच हदीस परत विचारायला सांगितली. उत्तर पहिल्यासारखंच आलं. तेव्हा त्यांची खात्री पटली.

दोनशे वर्षांनी लिहिली?

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. सुरुवातीच्या काळात कुरआनशिवाय दुसरं काही लिहू नका, अशी सूचना होती हे खरं. कुरआनच्या आयतींमध्ये दुसरं काही मिसळू नये, हे त्याचं कारण उलेमा सांगतात. पण नंतर परवानगी मिळाली. ह. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) ऐकलेलं लिहून ठेवत. त्यांच्या वहीला ‘सहीफा सादिका’ म्हणतात. मक्का विजयाच्या वेळी यमनच्या अबू शाह यांनी प्रेषितांचं (स.) भाषण लिहून मागितलं, तेव्हा ते लिहून द्यायला प्रेषितांनी स्वतः सांगितलं.

ह. अबू हुरैरा (रजि.) यांचं निधन हि. 59 च्या सुमारास झालं. त्यांचे यमनी शिष्य हम्माम बिन मुनब्बिह यांनी त्यांच्याकडून ऐकलेल्या 138 हदीसींचा एक सहीफा तयार केला. हैदराबादचे विद्वान डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांना त्याच्या जुन्या हस्तलिखित प्रती बर्लिन आणि दमिश्क इथे सापडल्या, आणि 1953 मध्ये त्यांनी तो छापला. इमाम अहमद बिन हम्बल (रह.) यांचं निधन हि. 241 मध्ये झालं. त्यांच्या ‘मुसनद’मधल्या हदीसी या सहीफ्याशी ताडून पाहिल्या, तर मजकूर जवळजवळ शब्दाला शब्द जुळतो. मधे दोन शतकं गेली, तरी बात बदलली नव्हती.

म्हणजे ‘अडीचशे वर्षांनी लिहिली’ हे म्हणणं बरोबर नाही. हि. 99 ते 101 या काळात खलीफा असलेले उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांनी मदीन्यात हदीस लिहून घेण्याचा सरकारी आदेश काढला. इमाम जुहरी यांनी मोठं काम केलं. इमाम मालिक (निधन हि. 179) यांचा ‘मुवत्ता’ आजही हातात घेऊन वाचता येतो. इमाम बुखारी (रह.) यांच्या काळात जे झालं, ते आधीच लिहिलेल्या आणि पाठ असलेल्या साहित्यातून काटेकोर निवड करून ग्रंथ रचण्याचं काम होतं.

सनद म्हणजे काय

प्रत्येक हदीसचे दोन भाग असतात. ‘मतन’ म्हणजे प्रत्यक्ष बोलणं, आणि ‘सनद’ म्हणजे ते कुणी कुणाकडून ऐकलं याची साखळी. साखळीतल्या प्रत्येक माणसाला ‘रावी’ म्हणतात.

हम्माम यांच्या सहीफ्याचीच सनद पाहा. ह. अबू हुरैरांकडून हम्माम यांनी ऐकलं, हम्मामकडून मामर यांनी, मामरकडून सनआ शहरातल्या अब्दुर्रज्जाक यांनी, आणि त्यांच्याकडून ऐकण्यासाठी इमाम अहमद बगदादहून यमनपर्यंत प्रवास करून गेले. चार दुवे, चारही ओळखीचे.

ह. उस्मान (रजि.) यांच्या शहादतीनंतर उम्मतमध्ये फूट पडली, गट तयार झाले. ताबईन पिढीतले इब्ने सीरीन सांगतात की त्यानंतर लोक सनद आवर्जून विचारू लागले : नावं सांगा, मग ऐकतो. गटबाजीच्या काळात माणूस आपल्या सोयीचं बोलू लागतो, हे त्यांनी वेळीच ओळखलं होतं.

रावीची परीक्षा

नाव कळलं, आता माणूस कसा आहे? मुहद्दिसीन दोन गोष्टी पाहत. तो खरा, नेक, भरवशाचा आहे का? आणि त्याची स्मरणशक्ती किंवा वही पक्की आहे का? नुसती नेकी पुरेशी नव्हती.

मिसरचे काझी इब्ने लहीआ (निधन हि. 174) यांचं उदाहरण घ्या. माणूस मोठा होता, पण त्यांची पुस्तकं जळाली आणि पुढे त्यांच्या सांगण्यात गोंधळ होऊ लागला. म्हणून मुहद्दिसीननी त्यांच्या शिष्यांमध्ये फरक केला. ज्यांनी आधी ऐकलं, त्यांची रिवायत जास्त भरवशाची मानली.

तुलना हे सगळ्यात मोठं हत्यार होतं. याह्या बिन मईन (निधन हि. 233) यांनी हम्माद बिन सलमा यांच्या हदीसी अठरा वेगवेगळ्या शिष्यांकडून ऐकल्या. लोकांना नवल वाटलं, एकाच गोष्टी अठरा वेळा कशाला? त्यांचा हिशेब सरळ होता. सगळे शिष्य एक सांगतात आणि एकटाच वेगळं सांगतो, तर चूक त्या एकाची. सगळ्यांकडे तीच चूक असेल, तर ती उस्ताद हम्माद यांची.

यात नातंगोतं आड येत नव्हतं. इमाम बुखारींचे उस्ताद अली बिन मदीनी यांना त्यांच्या स्वतःच्या वडिलांबद्दल विचारलं गेलं. आधी ते म्हणाले, दुसऱ्या कुणाला विचारा. लोकांनी आग्रह धरला तेव्हा मान खाली घालून म्हणाले, हा दीनचा मामला आहे; माझे वडील हदीसमध्ये कमजोर आहेत.

या कामात बायका मागे नव्हत्या. सहीह बुखारी पुढच्या पिढ्यांना शिकवणाऱ्यांमध्ये मक्केच्या करीमा मरवजिय्या यांचं नाव मानाने घेतलं जातं. इमाम जहबी (निधन हि. 748) यांनी कमजोर रावींवर मोठा ग्रंथ लिहिला, पण खोटेपणाचा आरोप असलेली एकही स्त्री रावी आपल्या माहितीत नाही, असं त्यांनी नोंदवलं. आपल्या मुलींना हे जरूर सांगा.

तारखेने पकडलेलं खोटं

रावींच्या जन्म-मृत्यूच्या तारखा, प्रवास, उस्ताद आणि शागिर्द यांची नोंद ठेवण्यातून ‘अस्माउर्-रिजाल’ हे शास्त्र उभं राहिलं. त्याचा उपयोग कसा होई?

पाचव्या हिजरी शतकात बगदादमध्ये एक दस्तऐवज पुढे आला. प्रेषितांनी (स.) खैबरच्या लोकांना जिझिया माफ केल्याचं त्यात लिहिलं होतं, खाली सहाबांच्या साक्षी होत्या. वजीरने तो खतीब बगदादी (निधन हि. 463) यांना दाखवला. त्यांनी पाहिला आणि म्हणाले, बनावट आहे. कारण काय? साक्षीदारांत ह. मुआविया (रजि.) यांचं नाव होतं, त्यांनी इस्लाम स्वीकारला मक्का विजयाच्या वर्षी, हि. 8 मध्ये. खैबरची मोहीम हि. 7 मधली. दुसरे साक्षीदार ह. साद बिन मुआज (रजि.) तर हि. 5 मध्येच, खंदकच्या लढाईतल्या जखमेने शहीद झाले होते. दोन तारखांनी कागद निकालात निघाला.

चांगल्या हेतूने बोललेलं खोटं

हदीस बनवणारे सगळे दुष्मन नव्हते. काहींना दरबारात बक्षीस हवं होतं. खलीफा महदी यांना कबुतरांचा शौक होता. गियास बिन इब्राहीम नावाच्या माणसाने शर्यतींबद्दलच्या एका खऱ्या हदीसमध्ये पंखवाल्यांचा उल्लेख आपल्या पदरचा जोडला. महदींनी त्याला बक्षीस दिलं, पण तो वळताच म्हणाले की हा माणूस खोटं बोलला. मग ती कबुतरंच जिबह करायला लावली.

जास्त त्रास दिला तो भल्या वाटणाऱ्या लोकांनी. नूह बिन अबी मरयम याने कुरआनच्या एकेका सूरहच्या फजीलतीच्या हदीसी रचल्या. विचारल्यावर त्याचं उत्तर असं होतं की लोक फिकह आणि लढायांच्या कहाण्यांत गुंतले होते, त्यांना कुरआनकडे वळवण्यासाठी मी हे केलं. उलेमांनी त्याची ही सबब मानली नाही. प्रेषितांनी (स.) जे सांगितलं नाही ते त्यांच्या तोंडी घालणं, हेतू कितीही चांगला असो, गुन्हाच ठरला.

आज आपण ‘चांगलंच तर आहे, सवाब मिळेल’ म्हणून जो मेसेज पुढे ढकलतो, तो या ठिकाणी बसतो का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं.

सहा लाखांचा हिशेब

इमाम बुखारींनी (हि. 194 ते 256) सहा लाखांमधून निवड केली असं सांगतात, आणि सहीह बुखारीत पुनरावृत्ती धरून साधारण साडेसात हजार हदीसी आहेत. मग बाकीच्या सगळ्या खोट्या होत्या का? नाही. मुहद्दिसीन सनदी मोजत. एकच बात दहा साखळ्यांनी आली तर त्या दहा धरल्या जात. शिवाय ग्रंथ फार लांबू नये म्हणून अनेक सहीह हदीसीही बाहेर ठेवल्या, असं इमामांनी स्वतः सांगितलं आहे.

हदीस सहीह ठरण्यासाठी पाच अटी लागतात : साखळी कुठे तुटलेली नसावी, प्रत्येक रावी नेक व विश्वासू असावा, त्याची आठवण पक्की असावी, त्याचं सांगणं अधिक भरवशाच्या रावींच्या विरोधात नसावं, आणि आत लपलेला कुठला दोष नसावा. यात किंचित कमी ती ‘हसन’, उणीव असलेली ‘जईफ’ आणि बनावट ती ‘मौजू’. जईफ म्हणजे खोटी नव्हे, हे लक्षात ठेवावं. तिचा पुरावा कमी पडतो, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या मातीचा वाटा

हे काम फक्त अरबस्तान आणि बुखाऱ्यात झालं नाही. आपल्या जळगावला लागून असलेल्या बुऱ्हाणपूरमध्ये, जुन्या खानदेशात, शेख अली मुत्तकी जन्मले. मक्केत राहून त्यांनी ‘कन्जुल उम्माल’ हा 46,000 हून जास्त हदीसींचा संग्रह रचला. हि. 975 मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांचे शागिर्द, गुजरातेतल्या पाटणचे मुहम्मद ताहिर पटनी (निधन हि. 986), यांनी बनावट हदीसी ओळखता याव्यात म्हणून वेगळा ग्रंथ लिहिला. आणि रावींच्या चरित्रांचा इब्ने हजर असकलानींचा प्रसिद्ध ग्रंथ ‘तहजीबुत्तहजीब’ छापला तो हैदराबादच्या दाइरतुल मआरिफने, आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता त्या काळात.

घरात काय करता येईल?

आपण सगळे काही मुहद्दिस होणार नाही. पण तीन सवयी प्रत्येक घराला लावून घेता येतील. पहिली, हवाला नसलेली हदीस पुढे पाठवायची नाही. दुसरी, हवाला असेल तर किताब आणि क्रमांक पाहायचा, आणि हदीसचा दर्जा मस्जिदीतल्या इमाम साहेबांना किंवा जाणकार आलिमांना विचारायचा. तिसरी, एखादी गोष्ट चांगली वाटली पण हदीस आहे याची खात्री नसेल, तर ती ‘बुजुर्ग सांगतात’ म्हणून सांगायची, प्रेषितांच्या (स.) नावाने नाही. इल्मसाठी चीनपर्यंत जायला सांगणारं वाक्य आपल्या शाळांच्या भिंतींवरही दिसतं, पण इब्ने जौजी (निधन हि. 597) यांनी ते बनावट हदीसींच्या यादीत घातलं आहे. इल्म मिळवणं फर्ज असल्याची हदीस इब्ने माजामध्ये आहेच. ती असताना दुसऱ्या आधाराची गरज काय?

आणि मुलांनी प्रश्न विचारला तर रागावू नका. ‘हे कुणाकडून ऐकलंत?’ हाच प्रश्न ह. उमर आणि ह. आयशा (रजि.) यांनीही विचारला होता. त्याच प्रश्नामुळे हदीस आपल्यापर्यंत सुरक्षित पोहोचली.

अल्लाह आपल्या सर्वांना खरं ऐकण्याची, तपासण्याची आणि खरंच पुढे पोहोचवण्याची तौफीक देवो. आमीन.