लिहिलं नाही, तर उरतं का?

भारतातून आई-बाबा आले की आपली स्टोनहेंजची चक्कर ठरलेली. पुढच्या वेळी तिथे उभे राहिलात की एक गोष्ट लक्षात घ्या. सुमारे ४५०० वर्षांपूर्वी वीस-वीस टनांचे दगड उभारून सर्वांत मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाशी त्यांची दिशा जुळवणाऱ्या या लोकांकडे लिपी नव्हती. सगळं ज्ञान माणसांच्या डोक्यात होतं.

त्यानंतर दोनेक हजार वर्षांनी इथे ड्रुइड होते. (स्टोनहेंज त्यांनी बांधलं हा गैरसमज.) ज्युलियस सीझर लिहितो, की त्यांचे काही शिष्य वीस-वीस वर्षं पद्यं पाठ करत. गॉलमध्ये हिशेबाला ग्रीक अक्षरं चालत, पण विद्या लिहायची नाही. लिहिलं की स्मरणशक्ती आळसावते, हे त्यामागचं एक कारण असावं असं सीझरला वाटलं.

पाठांतरात चुका होणारच, मग त्या पकडायच्या कशा? आपल्या वेदपाठकांनी यावर छान उपाय काढला. जटापाठात शब्दांची जोडी सुलट, उलट, पुन्हा सुलट म्हणतात: १-२, २-१, १-२. मग २-३, ३-२, २-३. प्रत्येक शब्द अनेकदा येतो, त्यामुळे चूक लगेच खटकते. संगणक माहिती पाठवताना चूक पकडण्यासाठी जादा अंक जोडतो, तेच हे तत्त्व.

पण साखळीतली माणसंच गेली तर? इ.स. ६०च्या सुमारास रोमन सैन्याने अँगलसी बेटावर ड्रुइडांचा पाडाव केला. त्यांच्या पद्यांतली एक ओळही आज उरलेली नाही. आणि माणसं असूनही प्रसंग गेला तर? पिठाची गिरणी आली, जातं थांबलं, तशी ओवीही थांबत गेली. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या कागदावर तरी राहिल्या.

आता आपल्या घरात पाहा. इथल्या बऱ्याच मुलांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. त्यांच्यापुरती मराठी ही लिपी नसलेलीच भाषा आहे. लिपी जरूर शिकवा, पण तोवर रोजचा एक प्रसंग ठरवून ठेवा. आमच्याकडे तो आंघोळीचा. बडबडगीतातला एक शब्द मी मुद्दाम बदलतो, आणि पाच वर्षांची लेक ताबडतोब अडवते, "बाबा, चुकलास!"