सुतारांच्या गावातील शिल्पकार

परदेशप्रवासाने कलावंताला स्फूर्ती मिळते, असे इतक्या सर्रास म्हटले जाते की प्रवासातून नेमके काय हाती लागते, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. नवे रंग आणि नवी दृश्ये आठवडाभर फिरून येणाऱ्या पर्यटकालाही दिसतात. परक्या गावात वर्ष-दोन वर्षे राबणाऱ्याला मात्र तिथल्या माणसांची काम करण्याची रीत कळते. मार्टिन प्युरियर या अमेरिकी शिल्पकाराच्या घडणीत हा फरक स्पष्ट दिसतो.

१९४१ मध्ये वॉशिंग्टन येथे जन्मलेले प्युरियर पदवी घेतल्यानंतर १९६४ मध्ये ‘पीस कोअर’तर्फे, म्हणजे स्वयंसेवकांना निर्वाहापुरता भत्ता देऊन परदेशी पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारच्या योजनेतून, पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन या देशात गेले. तिथे ते शाळेत शिकवीत आणि आसपासची माणसे, घरे, झाडे यांची रेखाटने करीत. परंतु त्यांच्यावर खोल ठसा उमटला तो विजेच्या यंत्रांवाचून केवळ हातअवजारांनी लाकूडकाम करणाऱ्या स्थानिक सुतारांचा. आफ्रिकी मुखवट्यांवरून युरोपीय चित्रकारांनी आकार उचलल्याचा इतिहास तोवर जुना झाला होता. शिकवायला आलेल्या या तरुणाने सुतारांकडून त्यांचे कसब घेतले, आणि हे घेणे अधिक कष्टाचे होते, हे मान्य करावे लागते.

१९६६ मध्ये ते स्टॉकहोमच्या शाही कला अकादमीत मुद्राचित्रण, म्हणजे ठशांवरून चित्रे छापण्याची कला, शिकू लागले. तिथेही स्वीडनच्या फर्निचर-कारागिरीकडे त्यांचे लक्ष होतेच. शिल्प म्हणजे ओंडक्यातून किंवा दगडातून नको तेवढे छिलून काढणे, ही रूढ समजूत. प्युरियर यांची शिल्पे मात्र पट्ट्या वाकवून, सांधे जुळवून, टोपली विणावी किंवा होडी बांधावी तशी जोडत उभी राहतात आणि त्यांतली पुष्कळशी आतून पोकळ असतात.

१९९६ मधली ‘लॅडर फॉर बुकर टी. वॉशिंग्टन’ ही त्यांची शिडी याचे उत्तम उदाहरण ठरते. गुलामगिरीत जन्मून पुढे कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी झटलेल्या नेत्याचे नाव तिला दिले आहे. ॲश नावाच्या झाडाचे कोवळे खोड उभे चिरून तिचे दोन दांडे केले असल्याने झाडाची मूळची वळणे तशीच राहिली आहेत. सुमारे ३६ फूट लांबीची ही शिडी तळाशी जवळजवळ दोन फूट रुंद, तर शेंड्याला जेमतेम सव्वा इंच आहे, त्यामुळे ती आहे त्याहून कितीतरी उंच भासते. चढणाऱ्याला वर पाय ठेवायला जागाच उरत नाही, ही खोच अर्थातच जाणीवपूर्वक साधलेली आहे.

ही शिडी आज टेक्सासमधील फोर्ट वर्थच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. ती बारीक तारांनी टांगलेली असून तिचा तळ जमिनीला टेकत नाही.