क्लासच्या फील्डमध्ये कॉन्फिगरेशन-मूल्यांचा बाहेरून पुरवठा : देयक-आज्ञावलीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

सावंतवाडी तालुक्यातील इन्सुली हे गाव महामार्गावरील तपासणी नाक्यामुळे सर्वपरिचित आहे. पुढे बांदा व त्यानंतर पत्रादेवी लागते आणि राज्य बदलते. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला, तरी देयकाच्या दृष्टीने ही सीमा पुसली गेलेली नाही. महाराष्ट्राचा राज्य-संकेतांक २७, तर गोव्याचा ३० आहे. बांद्याच्या व्यापाऱ्याने सावंतवाडीच्या व्यापाऱ्यास माल विकल्यास केंद्रीय व राज्य असे दोन कर निम्मे-निम्मे लागतात. तोच माल पेडण्याच्या नोंदणीकृत व्यापाऱ्यास पाठविल्यास एकच एकात्मिक कर लागतो. सीमेच्या दोन्ही बाजूंस दुकाने असलेल्या व्यापाऱ्यासाठी आज्ञावली लिहिताना संकेतांक कोठे ठेवावा, या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात विवेचन केले आहे.

संकल्पना व कार्यपद्धती :

‘देयकगणक’ नावाच्या क्लासमध्ये २७ हा अंक थेट लिहिला, तर गोव्यातील दुकानासाठी त्याच क्लासची दुसरी प्रत करावी लागते, आणि पुढील प्रत्येक दुरुस्ती दोनदा करावी लागते. यावरील उपाय असा की क्लासने मूल्य स्वतः शोधू नये. ते त्यास बाहेरून मिळावे. या पद्धतीस ‘डिपेन्डन्सी इंजेक्शन’ हे नाव मार्टिन फाउलर यांच्या २००४ मधील लेखामुळे रूढ झाले. जावा भाषेतील स्प्रिंग या चौकटीत फील्डच्या वर ‘व्हॅल्यू’ ही खूण करून मूल्याचे नाव लिहिले जाते. आज्ञावली सुरू होताना कंटेनर बाहेरील फाइल वाचतो, ऑब्जेक्ट निर्माण करतो आणि मजकूररूपातील मूल्याचे आवश्यक प्रकारात रूपांतर करून फील्ड भरतो. (संकेतांक मात्र मजकूर म्हणूनच ठेवावा. उत्तर प्रदेशाचा ०९ हा संकेतांक संख्या म्हणून साठविल्यास आरंभीचे शून्य नाहीसे होते.)

येथे क्रम निर्णायक ठरतो. फील्ड भरले जाते ते कन्स्ट्रक्टर पूर्ण झाल्यानंतर. आमच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याने करदर फील्डमध्ये घेतला आणि कन्स्ट्रक्टरमध्येच ‘एक अधिक दर भागिले शंभर’ हा गुणक काढून ठेवला. त्या क्षणी दर शून्य होता. गुणक एक आला. देयके विनातक्रार छापली गेली, पण करावाचून! कोणताही त्रुटीसंदेश आला नाही. विद्यार्थ्याने फाइल पुन्हा पुन्हा तपासली, आणि फाइल तर अचूक होती. ऑब्जेक्ट कंटेनरऐवजी स्वतः ‘न्यू’ लिहून निर्माण केल्यासही हेच घडते, कारण मग फील्ड भरणारा कोणी उरतच नाही.

म्हणून मूल्य कन्स्ट्रक्टरच्या प्राचलातून घ्यावे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. मूल्याशिवाय ऑब्जेक्ट निर्माणच होत नाही, फील्ड अपरिवर्तनीय ठेवता येते आणि चाचणीत कंटेनरशिवाय ‘३०’ देऊन गोव्याचे देयक तपासता येते. फील्डवरील खूण लिहावयास सुटसुटीत आहे, हे मान्य. पण तो सुटसुटीतपणा महागात पडतो.

पर्यायी मूल्याविषयीही सावध राहावे. नावापुढे विसर्गचिन्हासारखे दोन बिंदू देऊन ते लिहिण्याची सोय आहे. फाइलमध्ये मूल्य नसेल तर आज्ञावली सुरूच न होणे हे हिताचे. पर्यायी २७ दिल्यास पेडण्याचे दुकान मुकाट्याने महाराष्ट्राचे ठरते.

दर हे कॉन्फिगरेशन आहे काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून केसांच्या तेलावरील दर १८ वरून ५ टक्के झाला. दर फाइलमध्ये असल्यास एक ओळ बदलून काम भागेल, असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु ऑगस्टमध्ये १८ टक्क्यांनी विकलेला माल ऑक्टोबरमध्ये परत आला, तर जमापत्र १८ टक्क्यांनीच काढावे लागते. फाइलमधील मूल्य आज्ञावली सुरू होताना एकदाच वाचले जाते. त्यास दिनांक ठाऊक नसतो. दर हा दिनांकासह विदागारातील तक्त्यात ठेवण्याचा विषय आहे. दुकानागणिक बदलणारे, पण दुकान चालू असेतो न बदलणारे ते खरे कॉन्फिगरेशन. उपरोक्त प्रकल्पाच्या फाइलमध्ये अखेर राज्य-संकेतांक, देयक-क्रमांकाचा उपसर्ग आणि विदागाराचा पत्ता एवढ्याच तीन ओळी उरल्या.