पोटातल्या पायाचा फोटो

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण आपण वरून गरीब दिसणाऱ्या बेरकी माणसासाठी वापरतो. प्राणिशास्त्रात मात्र ती शब्दशः खरी आहे. गोगलगाय ज्या वर्गात मोडते, त्याचे नावच उदरपाद. पोटाखालचा सपाट स्नायू हाच तिचा पाय. हा पाय चालतो कसा, हे पाहायला तिला उचलून उलटी केली, तर ती अंग आक्रसून शंखात शिरते. त्यापेक्षा तिला न छेडता जवळून फोटो काढावा. पावसाळ्यात शाळेच्या बागेत हे सहज जमते आणि दहावीच्या भिंगांच्या धड्यालाही एक जिवंत उदाहरण मिळते.

जवळून फोटो काढताना पहिली अडचण येते ती ही, की डोळा स्पष्ट आला तर शंख पुसट होतो आणि शंख स्पष्ट आला तर डोळा. असे का व्हावे? भिंगाचे सूत्र मुलांना येतेच. ५० मि.मी. नाभीय अंतराचे भिंग घ्या. वस्तू १०० सेंमी अंतरावर असेल, तर प्रतिमा भिंगापासून ५२.६३ मि.मी. वर पडते. वस्तू १ सेंमी मागे नेली, तर ५२.६० मि.मी. वर. म्हणजे प्रतिमा जेमतेम ०.०३ मि.मी. सरकली. आता वस्तू १० सेंमी अंतरावर आणा. प्रतिमाही १० सेंमीवर, वस्तूच्याच आकाराची पडेल. वस्तू पुन्हा तेवढीच, १ सेंमी मागे न्या. प्रतिमा ९१.७ मि.मी. वर येते, म्हणजे ८ मि.मी. पेक्षा जास्त सरकते! फिल्म किंवा संवेदक तर एकाच जागी असतो. त्यामुळे गोगलगायीचा एक पातळ थरच स्पष्ट उमटतो. ३५ मि.मी. फिल्मच्या कॅमेऱ्यात एफ-नंबर ८ ठेवून वस्तूएवढी प्रतिमा घेतली, तर या थराची जाडी सुमारे १ मि.मी. भरते. प्रतिमा वस्तूच्या एक दशांश असेल, तर हीच जाडी सुमारे ५ सेंमी असते.

भिंगाचे छिद्र लहान केले की थर जाड होतो, पण प्रकाश कमी पडतो. शिवाय वस्तूएवढ्या प्रतिमेसाठी भिंग फिल्मपासून दुप्पट दूर न्यावे लागते, त्यामुळे प्रकाश आधीच एक चतुर्थांश झालेला असतो. मग छिद्र जास्त वेळ उघडे ठेवावे लागते. या वेळात गोगलगाय सरकेल का? ती सेकंदाला साधारण १ मि.मी. चालते असे धरू. १/६० सेकंदात ती ०.०१७ मि.मी. सरकेल. एवढ्याने फोटो बिघडत नाही. बिघडतो तो आपल्या हाताच्या कंपाने. म्हणून कॅमेरा विटेवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर टेकवा.

खास भिंग विकत घ्यायची गरज नाही. प्रयोगशाळेतले १० सेंमी नाभीय अंतराचे बहिर्वक्र भिंग मोबाइलच्या भिंगाला चिकटून धरा. फोन दूरच्या वस्तूवर फोकस असेल, तर आता १० सेंमीवरची वस्तू स्पष्ट दिसेल. असे का, हे मुलांना किरणाकृती काढून शोधू द्या. शेजारी एक मोजपट्टी ठेवा, म्हणजे फोटोवरून मापे घेता येतील.

आता काय पाहायचे? डोक्यावरच्या लांब शिंगांच्या टोकाला काळे ठिपके दिसतील, ते डोळे. खालची आखूड जोडी वास आणि स्पर्श यांसाठी. शंखाच्या कडेला, बहुधा उजव्या बाजूला, एक भोक उघडते आणि मिटते. त्यातून ती श्वास घेते. मिनिटात ते किती वेळा उघडते, ते मोजा. शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरल्यावर तोंड उजवीकडे असेल, तर शंख उजवा. बहुतेक गोगलगायी उजव्याच असतात. (सेल्फी कॅमेऱ्यात आरशासारखे उलटे चित्र येऊ शकते, हे लक्षात ठेवा.) शेवटी गोगलगाय काचेवर चढू द्या आणि काचेच्या मागून चित्रण करा. पायावरून गडद पट्टे शेपटीकडून डोक्याकडे सरकताना दिसतील. या स्नायूंच्या लाटा. खालचा चिकट द्राव पायाच्या स्थिर भागाखाली डिंकासारखा धरून ठेवतो आणि सरकत्या भागाखाली पातळ होऊन वाट देतो. मार्क डेनी यांनी १९८० मध्ये हे मोजून दाखवले.

बागेत सापडलेली गोगलगाय बोटभर लांब, तपकिरी पट्ट्यांची असेल, तर ती बहुधा आफ्रिकन शंखी गोगलगाय. ती मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या शंखांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी कलकत्त्याच्या एका बागेत सोडल्या आणि तिचा भारतातला प्रसार सुरू झाला. ती एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालू शकते. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबाद भागांत गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली आणि अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली. गोगलगाय स्वतः फार दूर जात नाही. तिला कुंड्या, रोपे आणि माती यांबरोबर आपणच नेतो.

तेव्हा फोटो काढताना तीन नियम पाळा. एक, उघड्या हाताने गोगलगाय धरू नका. काम संपल्यावर हात व काच साबणाने धुवा. उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका कृमीच्या अळ्या तिच्या अंगात असू शकतात. त्या पोटात गेल्या, तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. दोन, शंखी गोगलगाय घरी किंवा दुसऱ्या बागेत नेऊ नका. ती कोठे दिसली ते गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना फोटोसह कळवा. तीन, लहानसहान देशी गोगलगायी जिथल्या तिथेच राहू द्या. कुजलेला पाला खाऊन त्या मातीला परत देतात.

प्रत्येक फोटोखाली तारीख, वेळ, जागा आणि पाऊस झाला होता का, हे लिहायला सांगा. पावसाळा संपेपर्यंत या नोंदींवरून बागेचा नकाशा तयार होईल. गोगलगायी कोणत्या कोपऱ्यात जास्त होत्या आणि का, हा पुढच्या तासाचा प्रश्न.